थोरली यंदा करायची का, नाना?

नाना, तुमचं तेरावं होऊन आज चार दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले, अंगणातला मांडव उतरला, आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. रडायचं ते मी त्या गर्दीत रडून घेतलं. आता नुसता थकवा आहे. सकाळी उठते, चहा करते, आणि कप हातात घेऊन किती वेळ उभी होते ते मला चहा गार झाल्यावर कळतं.

आज त्यानंतर पहिल्यांदाच वायनरीत आले. दारात केदू तात्या उभे होते. निफाडकडून मोटारसायकलवर आले होते, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत द्राक्षांचे पाच-सहा घड. गेली बारा-तेरा वर्षं ते तोडणीआधी असेच नमुना घेऊन यायचे. फरक इतकाच, की ते माझ्याकडे कधी आले नव्हते. ते तुमच्याकडे यायचे.

"ताई, शुगर बघून घ्या," ते म्हणाले. "आठ-दहा दिवसांत तोडावं लागंल."

मी मणी चुरडून रस काचेवर घेतला, मीटरला डोळा लावला. चांगली होती. तसं सांगितलं. तात्या हलले नाहीत.

"थोरली करायची ना यंदा?"

"सांगते, तात्या."

"नाना असते तर इचारलं नसतं मी," असं म्हणून ते गेले. तक्रार नव्हती त्यात. त्यांनाही थकवा आला असावा.

नाना, मला उत्तर ठाऊक नाही. ठाऊक असतं तर तुम्हाला लिहीत बसले नसते. दहा वर्षं आपण या एका गोष्टीवरून भांडलो आणि भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात. दुसरं कुणी असं केलं असतं तर तुम्ही त्याला पळपुटा म्हणाला असता.

पहिल्यांदा आपण एकमेकांशी नीट बोललो ते वाइनमुळेच. मी लग्न होऊन पिंपळगावला आले तेव्हा तुम्ही थोरले दीर. तुम्ही ओसरीवर आलात की मी डोक्यावर पदर घ्यायची आणि आत जायची. तुम्हाला काही सांगायचं तर ते तुमच्या बायकोमार्फत, अक्कांमार्फत यायचं. "धाकलीला म्हणावं, कॉलेजातून यायला उशीर झाला तर निरोप देत जा." मी नाशिकला कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायची, एसटीनं ये-जा करायची. तुमच्या लेखी मी सुधीरची शिकलेली बायको, एवढंच. चार वर्षांत तुमचं माझं थेट बोलणं चार वाक्यांपलीकडे गेलं नसेल.

मग नव्वदचं दशक संपता संपता तुमच्या डोक्यात वाइन शिरली. आपली खायची द्राक्षं परदेशी जायची, एका वर्षी कंटेनर तिकडून नाकारला गेला, आणि तुम्ही म्हणालात की माल आपल्या हातात असताना जोवर टिकतो तोवरच तो आपला. टिकवता आला पाहिजे. कुणाच्या तरी ओळखीनं तुम्ही एक वायनरी बघून आलात. दुसऱ्या दिवशी सकाळी सुधीरच्या देखत, अक्कांच्या देखत, थेट माझ्याकडे बघून विचारलंत, "वैशाली, यीस्ट म्हणजे काय असतं?"

स्वयंपाकघरात सगळे थांबले होते. मी पदर सावरला आणि अर्धा तास बोलले. तुम्ही मध्येमध्ये प्रश्न विचारत होतात. माझ्या वर्गातल्या एकाही मुलानं इतके चांगले प्रश्न विचारले नव्हते.

सासूबाईंनी अबोला धरला. घरात दारूचा कारखाना निघणार म्हणून नाही, थोरला मुलगा आणि धाकटी सून मिळून तो काढणार म्हणून. त्यांनी सांगितलं, मी जिवंत असेतो त्या शेडची पायरी चढणार नाही. अक्कांनीही तेच पाळलं, आणि सासूबाई गेल्यावरही पाळत राहिल्या. घरापासून वायनरी तीनशे पावलांवर. इतक्या वर्षांत अक्का तिथवर आल्या नाहीत. तुमचा डबा गड्याच्या हाती यायचा.

नामपूरच्या लग्नात तुमच्या आतेभावानं पंगतीत म्हटलं होतं, "काय नाना, घरच्या सुनंला दारू गाळायला बसवली म्हणं." सगळे हसले. मी वाढप करत होते, हातातली भाजीची बादली मला एकदम जड झाली. तुम्ही जेवत होतात. मान वर न करता म्हणालात, "तुझा चाळीतला कांदा का सडतो ते तिला इचार. फुकट सांगंल." पुन्हा हसले सगळे, पण या वेळी त्याला. घरी परतताना जीपमध्ये तुम्ही त्याविषयी एक शब्द काढला नाहीत. मीही आभार मानले नाहीत. आपल्या घरात आभार मानायची पद्धत नाही. आज मानते.

पहिली वाइन निघाली ती लाल, शिराझ जातीच्या द्राक्षांची. तुम्ही तिला नाव दिलंत थोरली. मी म्हटलं, असलं नाव मुंबईत कोण घेईल? तुम्ही म्हणालात, पहिली झाली ती थोरली, यात विचार कसला. लेबल साधं होतं, पांढऱ्यावर काळी अक्षरं. तिच्यासाठी तुम्ही निफाड-पिंपळगावच्या बारा शेतकऱ्यांना गळ घातलीत. खायच्या द्राक्षांच्या बागा काढून त्यांनी शिराझ लावलं. ते द्राक्ष बाजारात नेऊन विकता येत नाही, लहान मणी, आत बियाच बिया. ते फक्त आपणच घेणार. केदू तात्या त्यातले पहिले. कागद झाला नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "थोरली हाय तोवर तुमचं द्राक्ष माझं."

तुम्ही स्वतः वाइनचा एक घोट कधी गिळला नाहीत. तोंडात घ्यायचात, डोळे मिटायचात, आणि कोपऱ्यातल्या बादलीत टाकायचात. बाहेरून आलेले पाहुणे गंमत बघायचे. पण बाटल्या भरण्याआधी थोरलीला शेवटचा होकार तुमचा, हा नियम पहिल्या वर्षी ठरला. बाकी सगळं तुम्ही माझ्यावर सोडलंत. किल्ल्या माझ्याकडे, टाक्या माझ्याकडे, कामावरची माणसं माझ्याकडे. मी कॉलेज सोडलं तेव्हा सुधीर धास्तावला होता, तुम्ही नाही. फक्त थोरलीचा होकार तुमचा.

आणि तिथूनच आपलं वाजलं.

थोरली तिसऱ्या वर्षी बऱ्यापैकी खपायला लागली आणि मला कंटाळा आला. खरं सांगते, नाना, कंटाळाच. दर वर्षी तीच चव आणायची म्हणजे द्राक्ष जे सांगतंय ते ऐकायचं नाही, आपण जे गेल्या वर्षी बोललो तेच त्याच्याकडून वदवून घ्यायचं. मी तुम्हाला न विचारता एका छोट्या टाकीत झिनफँडेल द्राक्षांची गुलाबी वाइन केली. तुम्हाला कळल्यावर तीन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी आलात, चव घेतलीत, बादलीत टाकलीत.

"चांगली हाय," तुम्ही म्हणालात. "पुढल्या वर्षी अशीच व्हईल का?"

"नाही. वेगळी होईल. तेच तर आहे."

"मग ज्याला ही आवडली त्यानं पुढल्या वर्षी काय मागायचं?"

"नवीन काय आलंय ते विचारायचं."

"नवीन इचारणारा माणूस दुसऱ्याच्या दारात पण तेच इचारतो, वैशाली."

त्या गुलाबीच्या सगळ्या बाटल्या दोन महिन्यांत संपल्या. मग दर वर्षी मी दोन-तीन छोट्या टाक्या माझ्यासाठी राखायला लागले. तुम्ही त्यांना धाकट्या म्हणायचात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती ते मला कधी नीट कळलं नाही, कारण घरात धाकटी मीच होते.

एकदा सिन्नरहून एक शिक्षिका आल्या होत्या, नवऱ्याला घेऊन. त्यांना आदल्या वर्षीची उशिरा तोडलेल्या शेनिन द्राक्षांची गोडसर वाइन हवी होती. मुलीच्या निकालाच्या दिवशी दोघांनी ती घेतली होती, आता मुलगी नोकरीला लागली म्हणून पुन्हा. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "ती आता नाही मिळायची. ती त्याच वर्षाची होती." मला वाटलं, यात केवढी मजा आहे. बाईंचा चेहरा उतरला. तुम्ही दारात उभे होतात. आत आलात, त्यांच्यासमोर थोरलीची बाटली ठेवलीत आणि म्हणालात, "ही घेऊन जा. हिच्यासाठी पुन्हा आलात तर ही असंल." त्यांनी घेतली. आवडली की नाही कुणास ठाऊक. त्या गेल्यावर मी तुमच्यावर चिडले. माझ्या गिऱ्हाइकासमोर मला खाली पाहायला लावलंत म्हणाले. तुम्ही नुसते ऐकत होतात.

आता कबूल करते. तो चेहरा मी विसरले नाही. पण मी हटले पण नाही.

कारण जग माझ्या बाजूनं होतं. मुंबईची हॉटेलं दर वेळी विचारायची, मॅडम, नवीन काय? पेपरात फोटो यायचा तो धाकट्यांचा. दुकानात थोरली खालच्या फळीवर गेली. गावोगावी नव्या वायनऱ्या निघाल्या होत्या, प्रत्येकाची एक लाल, सगळ्यांची चव सारखी. मी म्हणायची, नाना, आपण लहान आहोत, लहान माणसानं चपळ असावं. एकच एक गोष्ट वर्षानुवर्षं करणं मोठ्यांना परवडतं. तुम्ही म्हणायचात, मोठ्याला नाव असतं, लहानाला ओळख लागते. हमरस्त्यानं नाशिकला जाताना ओझरपर्यंत हेच चालायचं. मग तुम्ही म्हणायचात, आता गप, गाडी चालवू दे.

मग तुम्ही पडलात. ओझरपाशीच मोटारसायकल घसरली, डोकं मागून आपटलं. आठ दिवस दवाखान्यात होतात. टाके निघाले, चक्कर थांबली, तुम्ही कामाला लागलात. डॉक्टर म्हणाले, वाचले. आम्ही सगळे तेच म्हणत होतो.

महिन्याभरानं एका सकाळी मी वायनरीत शिरले आणि दारातच थांबले. तिसऱ्या टाकीला सडक्या अंड्यासारखा वास सुटला होता. रसातल्या यीस्टला खायला कमी पडलं की असं होतं, हवा देऊन सावरता येतं, पण वास इतका होता की कामावरच्या बायकांनी नाकाला पदर लावला होता. आणि तुम्ही त्या टाकीला टेकून उभे होतात. शांत. वहीत तापमान लिहीत होतात.

"नाना, काही जाणवतंय का?" मी विचारलं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एक क्षण, बस. मग बायकांकडे बघितलंत, त्यांचे पदर बघितलेत आणि म्हणालात, "हां. बघ जरा तिसरीचं."

तुमचा वास गेला होता. पडलात तेव्हाच गेला असणार. तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतंत, आणि मला कळलंय हे मी तुम्हाला सांगितलं नाही. मी स्वतःची समजूत घातली की हा मान राखणं आहे. थोडा होताही. पण थोडी सोयही होती, नाना. आज तेही लिहून टाकते.

पुढच्या हंगामात अवकाळी झाला. तोडणीच्या ऐन तोंडावर तीन दिवस पाऊस. बाराही बागांत मणी फुगले, चिरले, रस पाणचट झाला. तुम्ही सगळ्यांचं द्राक्ष घेतलंत, एक क्रेट परत पाठवलं नाहीत. त्यातून जी लाल निघाली ती थोरली नव्हती. रंग फिका, अंगात काही नाही. एप्रिलमध्ये मी तुम्हाला न सांगता माझ्या छोट्या टाक्यांमधली दुसरी लाल तिच्यात मिसळली. निम्म्याच्या आसपास. वाइन वाईट नव्हती झाली, उलट गुळगुळीत, नवी, मुंबईला आवडेल अशी झाली होती. मग तुमच्यासमोर ग्लास ठेवला, नेहमीसारखा.

तुम्ही घेतलीत. डोळे मिटलेत. नेहमीपेक्षा जास्त वेळ तोंडात धरलीत. बादलीत टाकलीत.

"हीच," तुम्ही म्हणालात.

मी बाटल्या भरल्या, आणि लेबल तेच लावलं.

कुणी काही बोललं नाही. दुकानातून तक्रार आली नाही. दुसऱ्या वर्षी द्राक्ष चांगलं आलं तरी मी तसंच मिसळलं, कारण खपत होतं. तुम्ही पुन्हा "हीच" म्हणालात. मला वाटायला लागलं की थोरली म्हणजे फक्त लेबल आहे. चव तर माझी आहे.

मग गेल्याच्या गेल्या वर्षी तो दिवस आला. मुंबईच्या वितरकाचं पत्र आलं होतं, थोरली बंद करा, छोट्या वाढवा. दुपारची वेळ, ऑफिसात आपण दोघंच. मी पत्र वाचून दाखवलं. तुम्ही "नाय" म्हणालात, एवढंच. कारण देईनात. मी किती वेळ बोलत होते, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. आणि मग मी ते बोलले.

"नाना, थोरली बंद होऊन दोन वर्षं झाली. मी बदलली. कुणाला कळलं? तुम्हाला तरी कळलं?"



तुम्ही खिडकीकडून वळलात. चिडला नव्हतात. दमलेले दिसलात, इतके दमलेले मी तुम्हाला दवाखान्यातही पाहिलं नव्हतं.

"कळलं होतं," तुम्ही म्हणालात.

मी पत्र टेबलावर ठेवलं.

"वास येत नाय मला. ते तुला म्हाईत हाय, ते बी मला म्हाईत हाय. पण जीभ हाय ना? थोरली हिरड्यांना धरती. घेतली की तोंड आखडतं, मग सुटतं. तू दिली ती धरतच नव्हती. पाण्यागत गेली."

"मग तुम्ही हीच का म्हणालात?"

"नाय म्हणलो असतो तर ती वाइन ओतून द्यावी लागली असती. बारा घरांचं द्राक्ष मी थोरलीच्या नावावर घेतलेलं. थोरलीच नाय झाली तर पुढल्या वर्षी कोणत्या तोंडानं सांगू, बागा राखा म्हणून? त्या वर्षी एकाला तर फसवावं लागणारच होतं. पिणाऱ्याला नाय तर पिकवणाऱ्याला. मी पिणाऱ्याला फसवलं." थोडं थांबून म्हणालात, "तू काय मिसळलंस ते नाय मला कळलं. पण मला न सांगता मिसळलंस, ते कळलं."

"दुसऱ्या वर्षी तर द्राक्ष चांगलं होतं, नाना."

"हां," तुम्ही म्हणालात. "त्या वर्षी मी वाट बघितली, तू सांगशील म्हणून."

मी सांगितलं नव्हतं. तिथंही "चुकले" म्हणायला हवं होतं. मी पत्राची घडी करत बसले. तुम्ही उठलात, चप्पल घातलीत आणि द्राक्षं उतरतात त्या शेडकडे गेलात.

त्यानंतर आपण भांडलो नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त सलतं. तुम्ही मला काही बोलला नाहीत, घरात कुणाला सांगितलं नाहीत, अक्कांनाही नाही. पण होकार द्यायला येणं बंद केलंत. ग्लास ठेवला की म्हणायचात, तूच बघ. दोन हंगाम तुम्ही शेडमध्ये बसून काढलेत. क्रेटमधला एखादा मणी दातांखाली धरायचात, बी कडकन फुटते का बघायचात, आणि मान हलवायचात. मी मिसळणं थांबवलं होतं. सरळ बारा बागांच्याच द्राक्षाची करायला लागले होते. पण ते तुम्हाला सांगितलं नाही, आणि तुम्ही चव घेतली नाहीत म्हणून तुम्हाला कळलंही नाही. आणि मिसळायचं सोडलं म्हणजे जुनी चव परत आली असं थोडंच आहे? माझा हात बदलला होता. काय हरवलंय ते मी तुम्हाला विचारायला हवं होतं. दोन वर्षं मी एकटीच स्वतःला होकार देत होते.

दोन वर्षं, नाना. तीनशे पावलांचं अंतर, एक जेवणाची पंगत, आणि एक वाक्य निघालं नाही.

दुपारी मी दोन बाटल्या काढून बसले होते. एक तुमच्या अपघाताच्या आदल्या वर्षीची थोरली, दुसरी गेल्या वर्षीची, माझ्या एकटीच्या होकाराची. आलटून पालटून चव घेत होते आणि काही ठरत नव्हतं. जीभ रडण्यानं बधिर झाली होती की काय, कोण जाणे. सुधीरला फोन केला, तो बँकेतून म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. वितरकाचा निरोप पडलाच होता. बंद करणं सोपं होतं. एक फोन केदू तात्यांना, एक मुंबईला.

दारात सावली पडली म्हणून वर बघितलं तर अक्का.

त्या कडेकडेनं आत आल्या. टाक्यांकडे बघितलं नाही, खाली फरशीकडे बघत होत्या. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"कुठं उभे राहायचे हे?" त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. टाक्यांसमोरची जागा, बादलीशेजारी. त्या तिथं जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ.  मग त्या टेबलापाशी आल्या आणि ग्लासांकडे बोट केलं.

"हे काय?"

"थोरली. एक जुनी, एक गेल्या वर्षीची. ठरत नाही मला काही, अक्का."

त्यांनी एक ग्लास उचलला. तोंडाला लावला नाही, नाकाशी धरला. खाली ठेवला. दुसरा उचलला. तो नाकाशी धरून त्यांनी डोळे मिटले.

"हा," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या बनियनला हा यायचा. कितीबी घासा, साबणानं जायचा नाय."

तो जुना ग्लास होता.

"आणि हा?" मी गेल्या वर्षीचा पुढे केला.

"ह्याच्यात काय तरी कमी हाय. तसाच हाय, पण कमी." मग म्हणाल्या, "अवकाळीच्या साली तर लयच येगळा यायचा. दोन वर्सं. मी म्हणलं बी ह्यांना, तिकडं काय बदललंय का? म्हणले, काय नाय, तू धू."

मी खाली बसले, नाना. कुणाला कळलं, असं मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं. तीनशे पावलांवर धुण्याच्या दगडाशी कळलं होतं. जिनं एक थेंब चाखला नाही तिला कळलं होतं. मग सिन्नरच्या बाईंसारख्या किती जणांना कळलं असेल, आणि ते काही न बोलता दुसरीकडे गेले असतील? तक्रार कोण करतं. माणूस नुसता पुन्हा येत नाही.

अक्कांना मी सगळं सांगितलं. मिसळलेलं, लपवलेलं, ऑफिसात बोलले ते, आणि तुमचा वास गेला होता ते. शेवटचं ऐकताना त्यांनी पदर तोंडाशी धरला. म्हणाल्या, "तरीच. भाजी करपली तरी बोलायचे नाय."

मग आम्ही दोघी रडलो. तेराव्याच्या गर्दीतलं रडणं वेगळं होतं.

चार वाजता मी केदू तात्यांना फोन केला. म्हटलं, तोडणी धरा, थोरली करायची आहे. आणि आणखी एक सांगितलं, ते तुम्हाला पटणार नाही. बाराही बागांचं द्राक्ष आपण घेणार, ते थोरलीवर अवलंबून नाही. पण थोरलीच्या लेबलाखाली जाईल ती थोरलीच. ज्या वर्षी ती होणार नाही त्या वर्षी दुसऱ्या नावानं विकू, आणि दुकानात स्पष्ट सांगू की यंदा थोरली नाही. तुम्ही म्हणाला असता, जी एखाद्या वर्षी नसते ती थोरली कसली? मी म्हणाले असते, जी नसताना आहे म्हणून विकली ती तरी कसली? मग ओझरपर्यंत वाजलं असतं आपलं. मला ते भांडण हवंय, नाना. आता दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात आणि दम लागतो.

 तात्या म्हणाले, "मंगळवारी येतो मग, क्रेट घेऊन." वितरकाला उद्या लिहीन.

अक्का निघाल्या तेव्हा मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. म्हटलं, एप्रिलमध्ये बाटल्या भरायच्या आधी याल का? नुसता वास घ्यायला. शेवटचा होकार तुमचा.

त्या पायरीवर थांबल्या. बागेकडे बघत म्हणाल्या, "येईन. पण मी नाय म्हणलं, तर ऐकशील?"

मी हो म्हटलं, नाना. तुम्हाला कधी म्हटलं नव्हतं.